काटकसर करू या, पण कुणाच्या ताटातून?

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण मोठमोठे विचार ऐकतो. यंदा समितीने आम्हांला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही विषय घेतला तो अगदी रोजच्या पिशवीतला. महिन्याच्या वीस तारखेला डबे रिकामे का होतात, आणि ते होऊ नयेत म्हणून काय करता येईल, एवढाच तो विषय. कुणी म्हणेल, "यात भाषण करण्यासारखं काय आहे? बायका करतातच की काटकसर!" बरोबर आहे. बायका करतात. आमचे म्हणणे तेथूनच सुरू होते.

आपल्या घरांत पैसा कमी पडला की पहिली कात्री कुठे लागते? दूध अर्धा लिटर कमी होते. डाळ पातळ होते. आई म्हणते, "मला भूक नाही, तुम्ही जेवून घ्या." तिची गोळी दोन दिवसांआड जाते. मोठ्या मुलीचा क्लास बंद होतो. याला आपण काटकसर म्हणतो, पण ही काटकसर नव्हे, ही उपासमार आहे. जी बचत आईच्या ताटातून आणि मुलीच्या दप्तरातून होते ती पुढे दवाखान्यात दुप्पट भरावी लागते. म्हणून प्रश्न "बचत करावी का" हा नाही. प्रश्न आहे तो "बचत कुठून करावी" हा.

याचे उत्तर अंदाजाने मिळत नाही, ते वहीत मिळते. आमच्या मंडळातल्या काही घरांनी तीन महिने हिशेब लिहून पाहिला. शंभर पानी वही, रोज रात्री पाच मिनिटे, आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने जे खर्च केले ते सर्व त्यात. प्रत्येकाने म्हणजे घरधन्यानेही! पूर्वी पैसा हातातून जाताना दिसत तरी होता. आता मोबाईल दाखवला की दहा रुपयेही गेले आणि हजारही गेले, मनाला काही लागत नाही. पण त्याच मोबाईलमध्ये सगळी नोंद असते. रविवारी ती बघून वहीत उतरवा. महिना संपला की चार बेरजा करा. एक, पोटासाठी आणि भाड्यासाठी. दोन, शिक्षण, औषध आणि कामाला जाण्यायेण्यासाठी. तीन, कर्जाचे हप्ते आणि व्याज. चार, बाकीचे सगळे. ज्या घरांनी हे केले त्यांना एकच गोष्ट दिसली. भोक भाजीच्या पिशवीला नव्हते, ते तिसऱ्या आणि चौथ्या बेरजेत होते.

आता तिसरी बेरीज पाहू. आपल्याकडे सहज म्हणतात, "शेकडा पाचने घेतले." पाच हा आकडा लहान वाटतो. पण हे पाच टक्के वर्षाचे नसतात, महिन्याचे असतात. वीस हजार घेतले तर दरमहा एक हजार रुपये व्याज. वीस महिने व्याज भरले की वीस हजार फिटतात, असे वाटते ना? एक रुपयाही फिटलेला नसतो. मुद्दल जागच्या जागी उभे! आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. तोच एक हजार रुपया दरमहा बाजूला टाकला असता तर त्याच वीस महिन्यांत घरात वीस हजार जमले असते. हजार रुपये तेच, घर तेच. एका घराच्या डोक्यावर वीस हजार बसले, दुसऱ्याच्या खात्यात वीस हजार आले. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे. परवाना असल्याशिवाय सावकारी करता येत नाही. कर्ज घेण्याची वेळ आलीच तर समोरच्याकडे परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका.

कर्ज वाईटच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. हाती बरा पगार आला, तरी राहणे परळच्या चाळीतच राहिले आणि रमाईंनी संसार काटकसरीनेच चालवला. त्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत, अशी तजवीज करून ते १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. म्हणजे शिल्लकही टाकली आणि कर्जही काढले. पण दोन्ही कशासाठी? शिक्षणासाठी. आज आपण कर्ज कशासाठी काढतो, हे ज्याने त्याने आपल्या वहीत बघावे.

हळद, साखरपुडा, बारसे, वाढदिवस! आपला विवाहविधी किती साधा आहे! तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन, त्रिशरण-पंचशील, पुष्पहार आणि मंगल कामना. विधीला खर्च नाही. खर्च आहे तो मंडप, डीजे, फेटे, आहेराच्या साड्या आणि "लोक काय म्हणतील" याला. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. पण मांडव उतरतो एका रात्रीत आणि हप्ता चालतो तीन वर्षे. लग्नाच्या हप्त्यापायी धाकट्या भावाचे कॉलेज सुटले, असे घर आपल्या वस्तीत नाही असे छातीवर हात ठेवून कुणी म्हणू शकेल का? जेवणाच्या पंगतीला आमचा विरोध नाही, माणसे भेटावीत, जेवावीत. पण जेवढे हातात आहे तेवढ्यातच पंगत बसवा. आणि दोन मोठ्या घरांनी साधे लग्न लावून दाखवले तर गरीब घराला तसे करायला लाज वाटणार नाही.

चौथ्या बेरजेत आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला अवघड. तंबाखू, विडी, पान आणि दारू. पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते क्षणभर बाजूला ठेवून नुसता हिशेब करू. रोजचे चाळीस रुपये धरले तर महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजारांच्या वर. यात दारू धरलेलीच नाही! दीघजाणु नावाच्या गृहस्थाला तथागतांनी जो उपदेश केला त्यात संपत्ती गळून जाण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. व्यभिचार, मद्य, जुगार आणि वाईट संगत. जुगाराचा पट आता मोबाईलवर आला आहे, एवढाच फरक. तरुण मित्रांनी याचा जरूर विचार करावा. त्याच उपदेशात मिळकत आणि खर्च यांची बरोबरी तराजू धरणाऱ्याने पारडे पाहावे तशी पाहावी, असे सांगितले आहे. आमची शंभर पानी वही म्हणजे हाच तराजू.

आता स्वयंपाकघराकडे वळू. ताट कमी न करता खर्च कमी करण्याच्या काही वाटा आमच्या भगिनींनी जमवल्या आहेत. गहू, तूर आणि मिरची हंगामात घ्यावी. एकट्याला पोते परवडत नाही, म्हणून पाच-सहा घरांनी मिळून बाजारातून पोते आणावे आणि वाटून घ्यावे. डाळीला एरंडेलाचा हात लावला, धान्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला, की कीड लवकर लागत नाही. डाळ तासभर आधी भिजवावी. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर भात आणि बाजूला बटाटे, असे लावले की गॅस एकदाच जळतो. शिटी झाली की आच बारीक करावी. आच भांड्याच्या बाहेर गेली म्हणजे पैसा बाहेर गेला, असे समजा. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, दोडक्याच्या शिरा या टाकायच्या वस्तू नाहीत. आपल्या आज्या शिरांची चटणी करीत, ती पोरे बोटे चाटून खात. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जातात, नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही.

औषधाचा डोस अर्धा करून मात्र पैसे वाचवू नका! त्याऐवजी डॉक्टरांना विचारा, "साहेब, याच औषधाची जनऔषधी केंद्रात मिळणारी गोळी चालेल का?" तेथे तेच औषध पुष्कळदा बरेच स्वस्त मिळते.

वस्तू पुरवून वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही. विनयपिटकात कौशांबीच्या उदयन राजाची हकिगत आहे. त्याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान केली. राजाला वाटले, एवढी चीवरे हा भिक्खू काय करणार? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे-पासोड्या. जुन्या पासोड्यांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बैठक, बैठकीची पायपुसणी, पायपुसण्यांचे झाडण्याचे फडके. आणि फडकेही जीर्ण झाले की ते कुटून मातीत कालवून त्याने जमीन सारवायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. आपल्या आईने शिवलेली गोधडी याच घराण्यातली आहे. मग एक सूचना समितीपुढे ठेवतो. दर मे महिन्यात विहारात एक कपाट उघडावे. वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची पुस्तके, गाईड, गणवेश, दप्तरे धुऊन-पुसून तेथे आणावीत आणि ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावीत. यात देणाऱ्याचे दान होते आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आता वाचलेला पैसा ठेवायचा कुठे? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी शिल्लक. खोलीभाडे भरणाऱ्या घराला चौथा भाग टाकणे आज जमणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तर विसावा भाग टाका. वीस हजारांतले एक हजार. पण तो पगाराच्या दिवशी, पहिला टाका. "उरले तर टाकू" म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. आणि कामधंद्याचे दोन भाग म्हणजे आपल्यासारख्यांना मुलांचे शिक्षण, शिलाई मशीन, हातातले अवजार, असे आम्ही समजतो. त्यावर कात्री नको.

पोस्टात महिना शंभर रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडता येते. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे, वर्षाला निदान अडीचशे रुपये भरावे लागतात. बँकेत खाते असेल तर वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. घरातल्या कमावत्या माणसाचा तो उतरवला आहे का, ते उद्याच बघा. बँकेतली, अगदी सहकारी बँकेतलीसुद्धा, पाच लाखांपर्यंतची ठेव २०२० पासून विम्याने सुरक्षित आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. जास्त व्याजाच्या मोहाने जन्माची पुंजी एका जागी ओतू नका.

भगिनींसाठी बचत गट आहे. १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँका जोडण्याचे काम सुरू केले, तेव्हापासून ही वाट रुळली आहे. पंधरा जणींनी महिना शंभर टाकले तर वर्षाला अठरा हजार जमतात. त्यातून गरजू बहिणीला कर्ज दिले की व्याजही गटातच राहते. पण गट आणि गट यात फरक ओळखा. जेथे आधी आपली बचत जमते तो बचत गट. जेथे बचत नाहीच, पहिल्या दिवशी कर्ज हातात आणि पुढच्या आठवड्यापासून वसुलीवाला दारात, तो नुसता कर्जाचा गट. नाव सारखे असले तरी काम उलटे आहे.

बंधूंनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. ही वही बाईच्या एकटीच्या गळ्यात घालू नका. महिन्यातून एक रविवार, चहा झाल्यावर, नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुले यांनी मिळून ती उघडावी. बेरीज मुलांना करू द्यावी. बापाने आपला खर्च आपल्या तोंडाने सांगावा. ज्या घरात हे होईल त्या घरात पहिल्या महिन्यात थोडे भांडण होईल, हेही सांगून ठेवतो! पण तिसऱ्या महिन्यापर्यंत आईच्या ताटात डाळ घट्ट झालेली दिसेल. ती दिसली नाही, तर समजा वही खोटी लिहिली गेली.

पुढील पौर्णिमेला वंदनेनंतर महिला मंडळाच्या भगिनी विहारात बसणार आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही त्या लिहून देतील आणि कुणाच्या घरातला आकडा बाहेर जाणार नाही. जरूर यावे, आणि येताना घरधन्यालाही आणावे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!