चौकटींचे गाणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गूगलने २०१८ साली काढलेला 'सॉन्ग मेकर' हा खेळ आपल्याला जमेल काय? जमेल! पैसा नको, नावनोंदणी नको. मोबाईलवर चौकटीला बोट लावले की स्वर उमटतो, तळाशी ठेका. पाच स्वरांची योजना निवडली तर भूपाचेच सा रे ग प ध हाती येतात. काहीही जुळवा, कानाला खुपत नाही. लहानपणी जिला पेटीला हात लावू दिला नाही, तिला हे सुख थोडे नव्हे.

मात्र मींड तेथे नाही. आपल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांतला हेल चौकटीत मावत नाही. मी ठेका मोबाईलवर लावते, ओवी गळ्यानेच म्हणते. सुनेला हसू येते, येवो बापडे!