खिशांतील दिनदर्शिका

महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका केवळ तारीख पाहण्यापुरती कधींच नव्हती. दूध किती आलें, गॅसची टाकी केव्हां लावली, कामवालीचे खाडे किती झाले, विजेचें बिल कधींपर्यंत भरावयाचें, ह्या साऱ्यांचा हिशेब तिच्या चौकटींतच लिहिला जातो; आणि त्याच चौकटीच्या कोपऱ्यांत संकष्टी, एकादशी, प्रदोष हीं बारीक अक्षरांत छापलेलीं असतात. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांनीं 'कालनिर्णय' ही दिनदर्शिका काढली. पंचांग आणि कॅलेंडर एकाच पानावर आणण्याची तींतली युक्ति पुढें लोकांच्या इतकी अंगवळणी पडली कीं, हीं दोन्ही मुळांत एकच वस्तु असावी असें आज पुष्कळांस वाटतें.

आतां तेंच काम हातांतील स्मार्टफोनकडे आलें आहे. फोन विकत घेतला कीं त्यांत एक कॅलेंडर आधींच असतें. त्याखेरीज ॲप ह्या नांवानें ओळखलीं जाणारीं किती तरी कॅलेंडरें फुकट किंवा अल्प मोलांत मिळतात. बहुतेक लोक निवड अशी करीतच नाहींत. जें फोनमध्यें आलें तें, किंवा जें शेजाऱ्याच्या मुलानें घालून दिलें तें, वर्षानुवर्षें चालतें. मग एखाद्या वर्षीं वडिलांच्या श्राद्धाची तिथि एका दिवसानें चुकते, किंवा फोन बदलतांच दहा वर्षांच्या नोंदी नाहींशा होतात, आणि निवड करावयास हवी होती हें तेव्हां ध्यानांत येतें.

ह्या निवडींत प्रथम ओळखावयाचें तें हें कीं, भिंतीवरील कागद दोन निरनिराळीं कामें करीत आला आहे. आज कोणता दिवस आहे हें तो सांगतो, आणि घरच्या मंडळींनीं कोणत्या दिवशीं काय करावयाचें ठरविलें आहे हें तो जपून ठेवतो. पहिलें काम ज्योतिर्गणिताचें, दुसरें कारकुनीचें. कागदावर तीं सुखानें नांदतात, कारण कागदाला दोहोंचाही अर्थ कळत नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र दोन्ही कामें उत्तम करणारें एकच ॲप क्वचितच सांपडतें, आणि तें शोधण्याचा हट्ट हेंच पुष्कळांच्या फसगतीचें मूळ होय.

पहिल्या कामाचा विचार आधीं केला पाहिजे, कारण त्यांतील चूक लवकर दिसत नाहीं. तिथि म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढें जाण्यास लागणारा काळ. चंद्राची गति सारखी नसल्यामुळें हा काळ सुमारें १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कमीजास्त होतो. सूर्योदयाच्या वेळीं जी तिथि असेल ती त्या दिवसाची, असा सामान्य नियम आहे. म्हणून एखादी तिथि दोन सूर्योदय पाहते व तिची वृद्धि होते, तर एखादी एकही सूर्योदय न पाहतां निघून जाते व तिचा क्षय होतो. तिथि संपण्याचा क्षण साऱ्या जगांत एकच असतो. सूर्योदय मात्र गांवोगांव निराळा. ज्या ॲपनें गांव विचारलें नाहीं, त्यानें दाखविलेली तिथि दुसऱ्याच कोठल्या तरी गांवची असूं शकते.

२०२४ सालची दिवाळी ह्याचें चांगलें उदाहरण आहे. त्या वर्षीं आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारीं ३ वाजून ५२ मिनिटांनीं लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळीं ६ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास संपली. लक्ष्मीपूजन करावयाचें तें प्रदोषकाळीं, अमावास्या असतांना. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं अमावास्या पूर्ण होती. दुसऱ्या दिवशीं मुंबई-पुण्याकडे सूर्यास्तानंतर तिचीं थोडींच मिनिटें उरलीं होतीं. उत्तरेंतील पुष्कळांनीं पहिला दिवस धरला. महाराष्ट्रांत दाते पंचांगानें दुसरा दिवस दिला, कारण दोन्ही दिवशीं प्रदोषास अमावास्येचा स्पर्श होत असेल तर दुसरा दिवस घ्यावा, हें मत त्यानें प्रमाण मानलें. ह्यांत गणित कोणाचेंच चुकलें नव्हतें. निराळा होता तो निर्णय. परंतु फोनच्या काचेवर निर्णयामागचें कारण दिसत नाहीं, तारीख तेवढी दिसते. म्हणून दोन ॲपांच्या दोन तारखा पाहणाऱ्यास त्यांपैकीं एक बिघडलें आहे असें वाटणें स्वाभाविक होतें.

न्यू यॉर्कच्या घड्याळाप्रमाणें हीच अमावास्या ३१ ऑक्टोबरला सकाळीं ६ वाजून २२ मिनिटांनीं लागून १ नोव्हेंबरला सकाळीं ८ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास संपली. सूर्यास्ताला अमावास्या असणारा दिवस तेथें एकच, ३१ ऑक्टोबर. वादाला जागाच नाहीं. न्यू जर्सींतील एखाद्या मराठी कुटुंबानें पुण्याहून आलेल्या दिनदर्शिकेवर विसंबून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळीं पूजा मांडली असेल, तर ती कार्तिक प्रतिपदेला झाली. इतकें दूरहि जावयास नको. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सव्वासहा अंश असल्यामुळें संकष्टीचा चंद्र तेथें साधारण पंचवीस मिनिटें आधीं उगवतो. मुंबईचा चंद्रोदय दाखविणारें ॲप नागपूरच्या उपासकऱ्याला तितकी मिनिटें विनाकारण उपाशी ठेवतें.

गांवानंतर परंपरा पाहावी. महाराष्ट्राचे महिने अमावास्येला संपतात, उत्तर हिंदुस्थानचे पौर्णिमेला. त्यामुळें वद्य पक्षांतील महिन्यांचीं नांवें जुळत नाहींत: आपल्याकडील श्रावण वद्य अष्टमीची जन्माष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमीला येते. दिवस तोच, नांव निराळें. ज्यास आपल्या आजोबांची तिथि 'श्रावण वद्य' म्हणून ठाऊक आहे, त्यानें उत्तरेच्या पद्धतीचें ॲप घेतलें तर तें त्यास एक महिना आधींचा दिवस दाखवील. ॲपच्या भाषेवर भिस्त ठेवून येथें भागत नाहीं. अक्षरें मराठी आणि महिने पौर्णिमान्त, असेंहि असूं शकतें.

दुसरा एक घोटाळा सरकारी कालगणनेचा. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. तिच्यांतील महिन्यांचीं नांवें चैत्र, वैशाख अशींच आहेत, पण ते महिने सौर आहेत; चंद्राशीं त्यांचा संबंध नाहीं. संगणकाच्या व्यवहारांत 'भारतीय' म्हणून जी कालगणना प्रमाण ठरली आहे, ती हीच. म्हणून फोनमध्यें 'भारतीय कॅलेंडर' असा पर्याय निवडून समाधान मानणाऱ्यास २०२५ सालच्या गुढीपाडव्याला, ३० मार्च रोजीं, चैत्र शुद्ध प्रतिपदेऐवजीं ९ चैत्र १९४७ अशी तारीख दिसली असती. ती चूक नाहीं. ती निराळ्याच प्रश्नाचें उत्तर आहे.

ह्याहून नाजुक भेद घरच्या पंचांगाचा. केरो लक्ष्मण छत्र्यांनीं आकाशांतील प्रत्यक्ष स्थितीशीं जुळणारें पंचांग शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ सालीं, काढूं लागल्यापासून महाराष्ट्रांत ह्या विषयावर जितका वाद झाला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शास्त्रीय विषयावर झाला असेल. राशिचक्राचा आरंभ कोठें मानावयाचा ह्यावर मतभेद राहिला; टिळक पंचांग आणि इतर प्रचलित पंचांगें ह्यांत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. त्यामुळें कांहीं वर्षीं अधिक मास दोहोंत निराळा पडतो, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतून गणपति इतरांच्या आधीं महिनाभर येऊन जातात. अशा घरांतील माणसास बहुतेक ॲपें निरुपयोगी ठरतात, आणि छापील पंचांगाला पर्याय राहत नाहीं. आपलें पंचांग कोणतें हें जें ॲप स्पष्ट सांगत नाहीं, त्यास बाजूस ठेवणें बरें.

परीक्षा सोपी आहे. घरांत जें पंचांग मानतात तें पुढें घ्यावें आणि त्यांतले अडचणीचे दिवस काढावे: एखादी क्षयतिथि, एखाद्या संकष्टीचा आपल्या गांवचा चंद्रोदय, आणि अधिक मासाची सुरुवात व शेवट. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. हे दिवस जुळले तर साधे दिवस जुळतातच.

आतां दुसरें काम, नोंदींचें. येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ॲप ही केवळ खिडकी असते. नोंदी असतात त्या खात्यांत. अँड्रॉइड फोनांत २०११ पासून नोंदींचें एक सामाईक कोठार आहे, आणि त्यांत पाहूं शकणारीं निरनिराळीं ॲपें त्याच नोंदी आपापल्या रीतीनें दाखवितात. आयफोनांतहि अशीच व्यवस्था आहे. अशा ॲपाचा कंटाळा आला तर तें काढून दुसरें घालावें, नोंदी जागच्या जागीं राहतात. परंतु कांहीं ॲपें ह्या सामाईक कोठाराला हात न लावतां स्वतःच्याच पेटींत सर्व ठेवतात. तीं दिसायला सुबक असतात, त्यांचे रंग मनोहर असतात, आणि तीं बंद पडलीं कीं पेटीसकट जातात.

हें भय काल्पनिक नाहीं. सनराइज नांवाचें एक फार लोकप्रिय कॅलेंडर मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं विकत घेतलें आणि २०१६ सालीं तें बंद झालें. 'सिंपल' ह्या नांवाचीं जाहिरातींविना चालणारीं साधीं ॲपें, त्यांतल्या कॅलेंडरासह, २०२३ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीला विकलीं गेलीं. त्यांची संहिता सर्वांस खुली होती म्हणून कांहीं कार्यकर्त्यांनीं तिच्यावरून 'फॉसिफाय' ह्या नांवानें तीं पुढें चालविलीं. मालक बदलला तरी वापरणाऱ्यास विचारलें जात नाहीं. म्हणून नोंदी बाहेर काढतां येतात कीं नाहीं हें आधींच पाहावें. आयकॅलेंडर ह्या नांवाचा एक सर्वमान्य नमुना १९९८ पासून आहे. त्यांतील फाईल, जिच्या नांवाअखेर आय-सी-एस हीं अक्षरें असतात, बहुतेक कॅलेंडरांस वाचतां येते. नवें ॲप घेतल्यावर त्यांत चार खोट्या नोंदी घालाव्या, त्यांची फाईल काढावी, आणि ती दुसऱ्या ॲपांत उघडून पाहावी. चारही नोंदी वेळेसकट निघाल्या तर पुढें जावें.

दरवर्षीं येणाऱ्या गोष्टींची नोंद करतांना मात्र यंत्राची मर्यादा उघडी पडते. वाढदिवस, विम्याचा हप्ता, लग्नाची तारीख हीं सर्व तें बिनचूक सांगेल. तिथीनें येणारें श्राद्ध त्यास सांगतां येत नाहीं. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यामुळें तें दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरकतें, आणि अधिक मास पडला कीं अठरा-एकोणीस दिवस पुढें उडी घेतें. 'दरवर्षीं' असें बटण दाबून ठेवलेली श्राद्धाची नोंद दुसऱ्याच वर्षीं चुकते. नवें पंचांग घरांत आलें कीं तासभर बसून घरच्या दहाबारा तिथि हातानें घालणें हाच त्यावर उपाय. हा तास घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर घालविला, तर कोणाची तिथि कोणती हेंहि पुढच्या पिढीस कळतें. पुष्कळ घरांत तें एकाच व्यक्तीच्या डोक्यांत असतें.

परदेशीं मुलेंबाळें असलेल्यांनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. वाढदिवसाची नोंद मध्यरात्रीची वेळ देऊन केली, तर अमेरिकेंत ती आदल्या दिवशीं दिसते. 'पूर्ण दिवस' अशी केली म्हणजे सरकत नाहीं. दुसरी गोष्ट तिकडील घड्याळांची. मार्चच्या दुसऱ्या रविवारीं तीं एक तास पुढें जातात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें येतात. रात्रीं साडेनऊला आईनें फोन करावयाचा असें ठरलें, तर न्यू यॉर्कला हिवाळ्यांत तेव्हां अकरा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यांत बारा. नोंद कोणत्या देशाच्या वेळेनें केली आहे हें जें ॲप दाखवितें व बदलूं देतें, तें अशा घरांत उपयोगी पडतें.

खाजगीपणाविषयीं थोडेंच सांगणें पुरे आहे. कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या दिवशीं घर बंद, हें सर्व दिनदर्शिकेंत असतें. तिथि सांगणाऱ्या ॲपास गांवाचें नांव यादींतून निवडून दिलें कीं पुरतें. त्यास माणसाचा क्षणोक्षणींचा ठावठिकाणा किंवा ओळखीच्यांची यादी लागत नाहीं. अँड्रॉइडमध्यें २०१५ पासून अशी परवानगी वापराच्या वेळीं विचारली जाते आणि ती नाकारतां येते. नाकारल्यावर जें ॲप चालावयाचेंच थांबतें, त्याचा हेतु तिथि सांगण्यापलीकडचा आहे असें समजावें.

शेवटची परीक्षा आठवणीच्या घंटेची. कांहीं फोन विजेची बचत करण्याच्या नादांत पडद्याआड असलेल्या ॲपांस झोपवून ठेवतात, आणि घंटा उशिरां वाजते किंवा वाजतच नाहीं. वाढदिवसाच्या बाबतींत हें चालून जाईल. मधुमेहाच्या रोग्याच्या औषधाच्या वेळेला चालणार नाहीं. नोंद पहाटेची करावी, फोनला रात्रभर हात लावूं नये, आणि घंटा वेळेवर वाजते कीं काय हें तीन-चार दिवस पाहावें. न वाजल्यास फोनच्या बॅटरीविषयींच्या मांडणींत जाऊन त्या ॲपास बचतींतून वगळावें व परीक्षा पुन्हा घ्यावी. तरीहि घंटा चुकली, तर औषधाच्या वेळेसाठीं त्याच फोनांतील साधें गजराचें घड्याळ लावावें आणि कॅलेंडराकडे बाकीचीं कामें ठेवावीं.