नक्कल नेमकी कुठे झाली?

स्नातकांनो,

बौद्धिक संपदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रात वकिली करायला तुमच्यापैकी अनेकजण निघाले आहेत. तुमच्याकडे येणारा अशील ‘यंत्रानं माझं चोरलं’ एवढंच सांगेल. त्याचा संताप खरा असेल, पण नुसत्या संतापावर दावा उभा राहत नाही. एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायालयानं सुरुवातीलाच प्रश्नांची फोड केली. यंत्राच्या प्रशिक्षणासाठी मजकूर साठवणं हा हक्कभंग आहे का? त्यावरून उत्तरं तयार करणं हा आहे का? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मधल्या अपवादांचा आसरा मिळतो का? सर्व्हर अमेरिकेत असताना इथल्या न्यायालयाला अधिकार आहे का? तक्रार एक, प्रश्न चार, आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा निराळा. अशी फोड करता येणं हीच, माझ्या मते, या वकिलीतली खरी विद्या आहे. गायकाचंच पाहा. ध्वनिमुद्रणावर कॉपीराइट असतो, सादरीकरणावर गायकाचे हक्क असतात, पण गळ्यावर कॉपीराइट नसतो. कुणाचाही आवाज अरिजित सिंग यांच्या आवाजात बदलून देणारी साधनं आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिलं, ते मुख्यतः व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांच्या आधारे. इजा कुठे झाली हे नेमकं ओळखलं गेलं, म्हणून उपायही सापडला.

यावर कुणी म्हणेल, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हे कसं बसवणार, नवा कायदाच हवा. सुधारणा लागतील, हे मलाही मान्य आहे. पण संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती, ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे आहे. कारण कोण झालं, सूचना लिहिणारा की प्रणाली बनवणारी कंपनी, हे प्रत्येक प्रकरणात तथ्यांवरूनच ठरवावं लागेल. उद्याचा कायदाही त्यातून सुटका करणार नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सारं मोठ्या कंपन्यांना आणि नामवंतांना परवडतं. मराठीत अनुवाद करणाऱ्या एखादीनं काय करायचं? तिच्यासाठी लढाई न्यायालयाआधी करारात आहे. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते जातात, असं कलम १९ सांगतं. कराराच्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे किंवा वापराच्या प्रकाराचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, हस्तांतरित होत नाहीत. कायद्यातली ही भर २०१२ची. पुस्तक यंत्राला शिकवण्यासाठी वापरणं हा असा नवा प्रकार ठरतो का, यावर दोन्ही बाजूंनी जोरदार युक्तिवाद होऊ शकतो. तिच्या बाजूनं तो करायचा असेल, तर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या ओळीशी न थांबता तिचा करार तारखेपासून सहीपर्यंत वाचा, आणि पुढच्या करारात प्रशिक्षणाच्या परवानगीचं आणि मोबदल्याचं कलम स्वतंत्र लिहून घ्या.