मेलेल्या ताऱ्याची चूल



हिवाळ्यात जेवणं आटोपून अंगणात आलात, की वर लालसर रोहिणी दिसते. ती वृषभ राशीत आहे. त्या बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ १०५४ साली एक तारा फुटताना दिसला. चिनी निरीक्षकांनी लिहून ठेवलंय, की तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. आज तिथे दुर्बिणीतून एक ढग दिसतो, खेकडा तेजोमेघ.

या ढगातून अजून क्ष-किरण येतात. ते देणारे कण तर काही वर्षांतच थंडावतात. मग जवळजवळ हजार वर्षं ही चूल पेटती कशी? म्हणजे आत कुणीतरी लाकूड सारतंय!

तो आहे ताऱ्याचा उरलेला गाभा, म्हणजे पल्सार, मराठीत स्पंदक. वजनाला सूर्याहून जास्त, पण रुंदी जेमतेम २० किलोमीटर. सेकंदाला ३० गिरक्या घेतो. ही गिरकी हळूहळू मंदावते आणि तिची ऊर्जा ढगाला मिळते.

क्ष-किरण आपल्या हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. १९९९ मध्ये ‘चंद्रा’ दुर्बीण घेऊन गेलेल्या शटलच्या प्रमुख होत्या आयलीन कॉलिन्स, शटलच्या पहिल्या महिला कमांडर. चंद्राने स्पंदकाभोवतीची कडी आणि दोन झोत स्पष्ट दाखवले. पुढे २०१५ मध्ये आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ गेला. त्यावरच्या एका उपकरणाचं कामकाज पुण्याच्या आयुकातून चालतं. भारतीय शास्त्रज्ञांनी त्यातून दीड वर्ष हा स्पंदक पाहिला. त्याचा झोत आपल्याकडे नसतो, त्या क्षणांतही क्ष-किरणांच्या कंपनाची दिशा बदलते, असं त्यांना आढळलं. जुन्या सिद्धांतांना हे सहज समजावता येईना.

आणि पहिला स्पंदक कुणाला सापडला? १९६७ मध्ये केंब्रिजच्या एका विद्यार्थिनीला, जोसेलिन बेल यांना. मैलभर कागद तपासताना एक बारीकशी खूण त्यांच्या नजरेतून सुटली नाही. १९७४ चं नोबेल मात्र त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, त्यांना नाही. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यांनी ते सगळं भौतिकशास्त्रात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिलं.

तेव्हा घरातली मुलगी वहीत काहीतरी दाखवून म्हणाली, “आई, हे वेगळं दिसतंय,” तर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि बघा.