चाळीस दिवसांची बेगमी



मागच्या आठवड्यात एका गटातून निरोप आला होता की, बर्फाच्या मुलखात बाया रांधतात काय आणि खातात काय, ते सांगा. म्हणून आज काश्मीरच्या हिवाळ्याविषयी बोलते. आमच्या ह्यांची बँकेतून तिकडे बदली झाली होती. बारामुल्ला जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही दोन हिवाळे काढले. राहायला वरचा मजला आमच्याकडे होता आणि खाली घरमालकांचं कुटुंब. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली आपा म्हणायची. आपा म्हणजे आपली ताई. मीही तेच म्हणायला लागले.

तिथं थंडीचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे मोठी थंडी. तिच्यामागून २० दिवस चिल्लई खुर्द, ती धाकटी. आणि शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा, थंडीचं पिल्लू. मोठ्या चाळीस दिवसांत नळातलं पाणी गोठतं, पत्र्याच्या कडेला हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबतात, शाळांना सुट्टी असते. पोरं ते सुळे मोडून चोखत बसतात आणि आया ओरडतात, हे तिथंही आपल्यासारखंच.

खरी अडचण वेगळी. खोऱ्यात ट्रक येतात ते जम्मूहून. पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता. बर्फ पडला, दरड आली की रस्ता बंद. मेंढ्यांचे ट्रक, गॅसच्या टाक्या, पंजाबची भाजी, सगळं पलीकडे अडकतं. आधी तर हे दर हिवाळ्याचंच होतं. आता बोगदे झालेत, २०२५ च्या जूनमध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही सुरू झाली. तरी थंडीत घरात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न तिथल्या बाईच्या डोक्यातून गेलेला नाही.

आपण चैत्र-वैशाखात पावसाळ्यासाठी वाळवण घालतो. कुरडया, सांडगे, खारवडे, हरभऱ्याची वाळवलेली भाजी. तिथं पावसाळ्याच्या जागी बर्फ आहे एवढंच. पण एक मोठा फरक आहे. आपली कुरडई तोंडी लावायला असते, त्यांची वाळवलेली भाजी हीच जेवणातली भाजी. तिला होख स्यून म्हणतात. होख म्हणजे सुकं.

ऑगस्टपासून आपाचं काम सुरू व्हायचं. टोमॅटो अर्धे चिरून पत्र्यावर. वांगी देठाला जोडलेली ठेवून उभी चार भागात चिरायची आणि दोरीवर टांगायची. दुधीची साल काढून लांब लांब पट्ट्या, त्याही दोरीवर. शलगमच्या गोल चकत्यांच्या मधून दोरा ओवून माळा. लांबून बघितलं तर एखाद्या घरी लग्न आहे असं वाटावं, अशा माळा खिडक्यांना लटकलेल्या. संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, कारण दव लागलं की बुरशी धरते. आणि टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणीच. पंधरा-सोळा किलो चिरावे तेव्हा किलोभर सुकं हातात येतं. म्हणून तिकडच्या बाजारात ही सुकी भाजी ताज्यापेक्षा कितीतरी महाग असते. तरी विकत घेणारी माणसं भाव बघून म्हणतात, सुकलेल्या भाजीला एवढे पैसे? ती चिरणारे हात कुणी मोजत नाही.

हे झालं वाळवण. ओल्या शलगम, गाजरं, मुळे, बटाटे अंगणात खड्डा करून, खाली गवत घालून पुरायचे. वर काठी रोवायची, नाहीतर दोन फूट बर्फाखाली खड्डा सापडायचा कसा? लसूण, मिरची आणि मसाला एकत्र कुटून त्याच्या वड्या थापायच्या, मध्ये भोक ठेवायचं आणि दोरीत ओवून सुकवायच्या. त्या वडीला वरी म्हणतात. कालवणात एक तुकडा मोडून टाकला की झालं. पानगळीत चिनारची पानं झाडून गोळा करायची, जाळायची आणि पाणी शिंपडून त्याचा कोळसा करायचा. हेही बायांचंच काम. आणि हांद नावाची एक रानभाजी असते, पिवळ्या फुलाची. ती वसंतात बर्फ वितळल्या वितळल्या उगवते. ती तेव्हाच खुडून सुकवायची. म्हणजे बघा, एका हिवाळ्याची तयारी आधीचा हिवाळा संपतानाच सुरू होते.

हे सगळं माळ्यावर जायचं आणि त्याचा हिशेब आपाच्या डोक्यात. वही नाही, पेन्सिल नाही. किती माणसं, किती पाहुणे, किती आठवडे. कुठली पिशवी आधी उघडायची, कुठली शेवटपर्यंत बांधून ठेवायची.

आपाच्या सुनेला हे पटत नव्हतं. शिकलेली मुलगी, शिवणाचं दुकान होतं तिचं. ती म्हणायची, बाजारात सगळं मिळतं, मी दोन महिने चिरत बसले तर दुकान कोण बघणार? आणि तिचंही चुकत नव्हतं. दिवसाचे पैसे तिच्या हातात यायचे, आपाच्या दोरीवरच्या माळांना कुणी पगार देत नव्हतं.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात आपाची लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. चौथ्या दिवशी घरी आणलं आणि त्याच रात्री बर्फ सुरू झाला. तीन दिवस थांबला नाही. वीज गेली. रस्ता बंद झाला तो नऊ दिवस. बाजारातली दुकानं दुसऱ्या दिवसापर्यंत रिकामी. भाजी नाही, अंडी नाहीत, मटण तर विचारूच नका. खाली ओली बाळंतीण, दोन लहान मुलं, म्हातारे सासरे, आणि वर आम्ही दोघं.

आपानं माळ्यावरून हांदची पिशवी काढली. ती वर्षभर कुणाला हात लावू देत नव्हती. आपण बाळंतिणीला अळीव-डिंक देतो तशी तिथं हांद देतात, कोंबडीच्या रश्श्यात शिजवून. घरच्या खुराड्यात तीन कोंबड्या होत्या. आपानं त्या एकदम कापल्या नाहीत. तीन दिवसांआड एक. बाकीच्यांना राजमा-शलगम, सुक्या वांग्याचं कालवण, भात, आणि दुपारी मिठाचा गुलाबी चहा. हिरव्या चहाची पत्ती सोडा घालून खूप वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ. पहिल्यांदा पिताना माझं तोंड वाकडं झालं होतं, पण त्या थंडीत दोन पेले सहज जातात.

पाचव्या दिवशी शेजारची बाई कमरेएवढ्या बर्फातून राजमा मागायला आली. तिच्या घरी सात माणसं. आपा माळ्यावर गेली आणि बराच वेळ वरच राहिली. खाली आली तेव्हा तिच्या हातात दोन मापं राजमा आणि शलगमची एक माळ होती. शेजारीण गेल्यावर सून म्हणाली, आता आपल्याला पुरेल का? आपा म्हणाली, पुरवायचं.

पुरवायचं म्हणजे काय, ते सुनेच्याच लक्षात आलं. दोन दिवस तिनं बघितलं. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर आपा स्वतःला नुसता भात आणि वरचं पाणी घ्यायची. तिसऱ्या दिवशी सुनेनं काही न बोलता पळी आपल्या हातात घेतली आणि आपाचं ताट सगळ्यांत आधी वाढलं. आपा नको नको म्हणाली. सासरे म्हणाले, खा. मैत्रिणींनो, पळी ज्या बाईच्या हातात, तिच्याच ताटात कमी, हे मी आपल्याकडे किती घरांत पाहिलंय! घर जगवायचं तर तिनंच उपाशी राहावं, हा हिशेब मला काही पटत नाही. त्या सुनेनं तो बदलला, मला फार बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. निघताना बघितलं तर सून टोमॅटोसाठी चटया धुऊन ठेवत होती. शलगमच्या माळा मात्र करणार नाही म्हणाली, शलगम खड्ड्यात टिकतात, मग ओवायचं कशाला? आपा पुटपुटली, पण ऐकलं तिनं.

एक गोष्ट जाता जाता, पण महत्त्वाची. तिथं प्रत्येकाजवळ कांगडी असते. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ती फेरन नावाच्या झग्याच्या आत धरायची. ऊब छान मिळते, पण वर्षानुवर्षं तीच जागा शेकून मांडीच्या, पोटाच्या कातडीला कर्करोग झालेली माणसं तिथल्या डॉक्टरांना नेहमी दिसतात. आणि दार-खिडकी बंद करून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, असंही तिथं घडतं. त्या विषारी वायूला वास नसतो, धूर दिसत नाही. आपल्याकडेही पौषात लेकराला, बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी खोलीत घेतात. शेक झाला की शेगडी बाहेर काढा. आत असेपर्यंत खिडकी उघडी ठेवा.

आता राजमा-शलगम सांगते, लिहून घ्या. एक वाटी राजमा रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात, बोटानं दाबल्यावर पीठ होईल इतका मऊ शिजवा. कच्चट राजमा पोटाला बाधतो. अर्धा किलो शलगमच्या जाड फोडी तेलात लालसर परता. त्यांचं तेल मोहरीचं असतं, धूर येईपर्यंत तापवतात. आपलं शेंगदाण्याचं चालेल. त्यात लाल तिखट, बडीशेपेची पूड, सुंठ पूड, मीठ. मग राजमा त्याच्या पाण्यासकट ओता आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. शलगम मिळाली नाही तर मुळा घ्या, चव थोडी वेगळी येते.

आणि नवलकोल आणाल तेव्हा पानं तोडून टाकू नका. तिथं कांद्यापेक्षा पानांना मान आहे. तेल तापवून हिंग टाका, दोन वाट्या पाणी ओता, उकळी आली की कांद्याच्या चकत्या, धुतलेली पानं, दोन मिरच्या आणि मीठ. हळद नको. झाकण न ठेवता शिजवा, पानं हिरवी राहतात. गरम भातावर तो रस्सा घ्यायचा. कुणी करून बघितलं तर गटाच्या बैठकीत सांगा, आणि कशी झाली ते मलाही कळवा.