खूण वाचणारा विद्यार्थी



अभ्यासाविषयी बोलण्याआधी एका छंदाची हकीकत सांगतो. इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड माळावर, क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी, जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. तिथवर चालत आलेल्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे. त्यातून 'लेटरबॉक्सिंग' निघाले. १९९८ साली 'स्मिथसोनियन' मासिकात लेख आल्यावर ते अमेरिकेतही पसरले. नदीच्या घळईतून वाट काढतानाही लोक अशा डब्या शोधतात. खुणा शब्दांत दिलेल्या असतात: अमुक खडकापासून इतकी पावले, होकायंत्राची अमुक दिशा. एक शब्द चुकीचा वाचला की पायपीट फुकट. डबीत वही आणि रबरी शिक्का असतो. तिच्या वहीत आपला शिक्का मारायचा, आपल्या वहीत तिचा; मग डबी होती तशी लपवून ठेवायची.

पालकहो, आपली मुले गाईडातील उत्तर पाठ करतात, प्रश्न मात्र नीट वाचत नाहीत. यात माझाही दोष आहे. अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईत मी फळ्यावर तयार उत्तरेच लिहून दिली. यापुढे मुलांना आणि मुलींना आपण खुणा देऊ, चालू देऊ, चुकूही देऊ. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला जे सापडेल ते मागून येणाऱ्यासाठी जागेवर ठेवा.