आमची उर्दू शाळा: घरची बोली आणि आयांची बैठक

(तरुणांच्या शिबिरात एका प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘मुस्लिम समाज आणि शिक्षण’ असा विषय दिला होता. मी पहिली ते पाचवीला शिकवते. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची मला सवय नाही, म्हणून मी एकाच शाळेबद्दल बोलते. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी असलेली जिल्हा परिषदेची उर्दू प्राथमिक शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, 38 मुलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे गावातल्या काही गोष्टी मला मोकळेपणाने बोलायच्या आहेत.

आमच्याकडे पहिलीत येणारं मूल घरी कोकणी बोलतं. म्हणजे कोकणी मुसलमानांची बोली, मराठीच्या अगदी जवळची. शाळेचं पुस्तक उर्दूत. बाजारात, एसटीत, दवाखान्यात मराठी. पहिलीपासून इंग्रजीचंही पुस्तक असतं आणि मकतबमध्ये अरबी. उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठीचं डावीकडून. सहा वर्षांच्या पोराने हे सगळं एकाच दप्तरात घेऊन यायचं. मी साताऱ्याकडची, माझ्या घरी दखनी. मी ‘नक्को’ म्हटलं की आख्खा वर्ग हसतो. म्हणजे बाईंची भाषाही पुस्तकातली नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं. माझ्या मते ते चांगलंच आहे.

गेल्या जूनमध्ये पहिलीत आलेली एक मुलगी तीन आठवडे वर्गात एक शब्द बोलली नाही. सुट्टीत मात्र तिची बडबड थांबायची नाही. ‘कश्ती’चं चित्र दाखवून हे काय, असं उर्दूत विचारलं की मान खाली. मग एकदा मी तिला सांगितलं, तुझ्या घरी बोलतात तसं सांग. तिने होडी सांगितली, वल्हं सांगितलं, नांगर, जाळं, होडीच्या लाकडाला काय लावतात तेही सांगितलं. चित्रात नसलेल्या गोष्टीही सांगितल्या! पोरीला भरपूर येत होतं. तिचं तिला येतं, हे वर्गात कुठे नोंदलंच जात नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक शब्दभिंत आहे. मुलं घरून शब्द आणतात, आम्ही तो कार्डावर लिहितो. एका ओळीत घरचा शब्द, शेजारी उर्दू, शेजारी मराठी. म्हावरा, मछली, मासे. होडी, कश्ती, होडी. हा शेवटचा शब्द पुन्हा आला तेव्हा मुलांना फार मजा वाटली. ‘मराठी म्हणजे आपलंच आहे की,’ असं तिसरीतला एक मुलगा म्हणाला. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, हे त्याला ठाऊक नाही. त्याची गरजही नाही. आमच्या गावात पाचवीनंतर जवळ आहे ते मराठी हायस्कूल, उर्दू हायस्कूल तालुक्याला. ज्या मुलाला मराठी आपली वाटली ते सहावीत टिकतं.

आता वाचनाचं. केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने न पाहिलेला मजकूर मिनिटाला 60 शब्द या वेगाने, आणि समजून, वाचावा असं उद्दिष्ट आहे. वेगात आमची मुलं मागे नाहीत. मकतबमुळे अरबी अक्षरांची ओळख आधीच झालेली असते. उर्दूत पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी थोडी जास्तीची अक्षरं शिकली की गाडी पळते. अडतं ते ‘समजून’ या शब्दापाशी. नाज़रा वाचताना अर्थ न कळता शुद्ध आणि सलग वाचायची सवय लागते. तिथे तो उच्चाराचा अभ्यास आहे, त्याला त्याची जागा आहे. पण तीच सवय गोष्टीच्या पुस्तकाला लागली की मूल पानभर घडाघडा वाचतं, आणि गोष्टीतला कोल्हा उपाशी का राहिला हे विचारल्यावर तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. मी मकतबच्या मौलानांशी यावर बोलले. काही जण म्हणाले होते, मॅडम, त्या वाटेला जाऊ नका. मौलानांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीपासून आठवड्यातून एकदा एका लहान सूरेचा अर्थ मुलांना कोकणीत सांगायला लागले. कोकणीत, बरं का.

आमच्या गावात दोन मोहल्ले आहेत, वरचा आणि खालचा. खालचा दालदी लोकांचा, मासेमारी करणारा. दोघांची मशीद एक, कलमा एक. पण लग्नं होत नाहीत, आणि बैठकीला खालच्या मोहल्ल्यातल्या बायका दाराजवळ बसतात. बसा म्हणून कुणी सांगत नाही, त्या बसतात. आपल्यात जात नाही असं आपण व्यासपीठावरून सांगतो. तसं सांगणाऱ्याने एकदा शाळेच्या जेवणाच्या पंगतीत येऊन बसावं. खिचडी शिजवणारी ताई खालच्या मोहल्ल्यातली. वरच्या मोहल्ल्यातली पाच-सहा मुलं रोज घरून डबा आणायची. कारण विचारलं की पोट दुखतं.

इथे शाळा व्यवस्थापन समिती उपयोगाला आली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. कागदावर हे सगळीकडे असतं. मी ज्या शाळा पाहिल्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बैठक म्हणजे रजिस्टर घरी पाठवून घेतलेली सही. आमच्या गावातले निम्मे बाप आखातात किंवा जहाजावर. त्यामुळे घर आयाच चालवतात, मग समिती का नाही? आम्ही बैठकीची वेळ दुपारी चारची केली, कारण सकाळी खालच्या मोहल्ल्यातल्या बायका मासे विकायला जातात. एवढ्या एका बदलाने हजेरी दुप्पट झाली. भाषण नाही, जनजागृती नाही. घड्याळ बदललं.

शाळेत शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये नोंदवायची असा नियम आहे. समितीने ठरवलं की हे काम पालकांनी पाळीने करायचं, दोन्ही मोहल्ल्यांतून. वरच्या मोहल्ल्यातल्या एक भाभी पहिल्या दिवशी उभ्या-उभ्या चमचाभर खाऊन सही करून गेल्या. तिसऱ्या पाळीला बसून जेवल्या आणि खिचडीत लसूण कमी आहे म्हणून ताईशी वाद घातला. लसणावरून वाद झाला म्हणजे काम झालं, असं मी मनात म्हटलं. डबे हळूहळू बंद झाले. दोन अजून येतात.

एका शनिवारी समितीतल्या एक खाला गणित शिकवायला आल्या. आनंददायी शनिवार असतो, दप्तर नसतं, तेव्हा हे जमतं. खाला शाळेत गेलेल्या नाहीत. रिकामी टोपली आणि कागदाचे 60 बांगडे घेऊन त्या तिसरी-चौथीसमोर बसल्या. बंदरावर लिलावात टोपली 650 ला घेतली. बर्फ 50, रिक्षा 60. सहा-सहाचे दहा वाटे. सात वाटे शंभरने गेले. ऊन चढल्यावर दोन वाटे 80 ने. दहावा राहिला. मुलांनी पाटीवर मांडलं: आले 860, गेले 760, नफा 100. खालांनी तोवर तोंडीच सांगून टाकलं होतं. मग त्या म्हणाल्या, “आणि दहावा वाटा? तो घरी कालवणात गेला. तो कमाईत धरायचा की नाही?”

यावर वर्गात जे भांडण झालं ते अर्धा तास चाललं. एक मुलगी म्हणाली, धरायचा, नाहीतर जेवण विकत घ्यावं लागलं असतं. दुसरा म्हणाला, मग खालांच्या मेहनतीचे पैसे पण लिहा, ते तर कुठेच लिहिले नाहीत. उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हतं, माझ्याकडेही तयार नव्हतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या मराठी शाळेबरोबर बाल आनंद मेळावा झाला. आमच्या मुलांनी सांदण विकलं, त्यांच्या मुलांनी भेळ. तेव्हा आमच्या मुलांनी खर्चाच्या वहीत एक ओळ जास्तीची घातली होती: ‘अम्मीची मजुरी’. ती धरल्यावर सांदणाचा स्टॉल तोट्यात गेला. मराठी शाळेच्या गुरुजींनी ती वही मागून घेतली आणि आपल्या वर्गाला दाखवली.

पुढच्या निवडीला त्या खाला समितीच्या अध्यक्ष झाल्या. सहज झाल्या असं समजू नका. वरच्या मोहल्ल्यातल्या दोघांनी, सही न करता येणारी बाई अध्यक्ष कशी, असं विचारलं. कायद्यात तशी अट नाही, एवढंच मी सांगितलं. मतदान झालं. आता खाला सही शिकल्या आहेत, त्यांच्या नातीने शिकवली. त्या बैठकीत दाराजवळ बसत नाहीत, कारण अध्यक्षांची खुर्ची तिथे नाही.

सगळं गोड आहे असं सांगायला मी आलेली नाही. तालुक्याहून इंग्रजी शाळेची व्हॅन रोज सकाळी आमच्या फाटकासमोर थांबते. गेल्या वर्षी सहा मुलं तिकडे गेली. त्यांच्या आयांना मी दोष देत नाही. “मॅडम, उर्दू शिकून पुढे काय?” हा प्रश्न खरा आहे. त्याला ‘उर्दू आपली तहजीब आहे’ हे उत्तर पुरत नाही. आणि ‘उर्दू शाळा बंद करा’ म्हणणाऱ्यांनाही मी विचारते, त्या तीन आठवडे गप्प बसलेल्या मुलीला इंग्रजीच्या वर्गात किती आठवडे लागतील? माझं म्हणणं इतकंच की मूल आधी घरच्या बोलीत बोलतं झालं पाहिजे. त्यावर उर्दू बसते, मराठी बसते, इंग्रजीही बसते. गप्प मुलावर कुठलीच भाषा बसत नाही. पट असाच घटला तर मात्र हे सिद्ध करायला शाळा उरणार नाही, आणि या वर्षी पहिलीत फक्त पाच नावं आहेत.

तुमच्याकडे पैसे मागायला मी आलेली नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या गावात किंवा वस्तीत सरकारी शाळा असेल, उर्दू किंवा मराठी. तिथे जा. वर्गणी नको, मार्गदर्शन तर मुळीच नको. एका मुलाशेजारी बसा, त्याला एक पान वाचू द्या, आणि मग त्याच्या बोलीत विचारा, काय झालं रे या गोष्टीत? घरात ‘किशोर’चे जुने अंक पडले असतील तर घेऊन जा. बाप कुवेतला असेल तर मुलाने वाचलेलं पान रेकॉर्ड करून त्याला पाठवा. आमच्याकडे एक बाप रोज रात्री पाळी संपल्यावर मुलाचं वाचन ऐकतो आणि चुका सांगतो. उर्दूच्या त्याच्या स्वतःच्याही चुका असतात, ते सोडा.

आणि मुख्याध्यापकांना अदबीने विचारा की समितीची शेवटची बैठक कधी झाली, सदस्यांची नावं कुठे लिहिली आहेत. समितीच्या उरलेल्या चौथ्या हिश्श्यात स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी जागा असते. ती कुणाच्या नावाने भरली आहे, ते बघा. मोठी डिग्री लागते असं समजून तुमच्यापैकी कुणी मागे राहू नका.

आता तुम्ही विचारा. मला साडेपाचची एसटी गाठायची आहे, तोवर आहे मी इथे.